खालच्या कड्याच्या प्लेटा

तिसरा तुकडा कापून होईपर्यंत घरून दोन फोन येऊन गेले होते. सर्जेरावनं गॅसकटरची ज्योत बंद केली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि चिमट्यात धरलेला लालभडक तुकडा सवयीनं बादलीकडे नेला. मी त्याला थांबवलं. पाण्यात नको, वाळूवर ठेवा, म्हटलं. तापलेलं पोलाद एकदम गार केलं की कडक होतं, मग माझी तपासणी फसते. त्यानं तो वाळूवर ठेवला आणि हसून म्हणाला, "तुमचं म्हणजे बाळंतिणीसारखं जपायचं काम हाय, मॅडम."

त्याला ठाऊक नव्हतं की मी खरोखरच सात महिन्यांपूर्वी बाळंत झाले होते आणि रजा संपवून कामावर येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. छातीत दूध दाटून आलं होतं. रुमालाच्या घड्या आत घालून मी उन्हात उभी होते. घरी रेवाला ताप होता. पहिल्या फोनवर सासूबाई म्हणाल्या, कणकण आहे, काळजी करू नकोस. दुसऱ्या फोनवर म्हणाल्या, एकशे एक आहे आणि बाटली तोंडाला लावू देत नाही.

हे दोन हजार नऊच्या सप्टेंबरमधलं. कोल्हापुरातल्या एका धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. दीड तासाच्या अंतरावरच्या एका साखर कारखान्यानं आम्हाला बोलावलं होतं. त्यांची मळीची टाकी सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. तीन मजली घराएवढी उंच, गोल, काळ्या डांबरी रंगाची. ऊस गाळून साखर काढल्यावर जी मळी उरते ती वर्षानुवर्षं साठवून टाकीचं सगळ्यात खालचं कडं कुजलं होतं. हे कडं नऊ प्लेटा एकमेकींना जोडून केलेलं. त्यातला कुजका भाग चौकोनी कापून काढायचा आणि तिथं नव्या पोलादाचा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा, असं काम होतं. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा समारंभ असतो, त्याच्या आत टाकी पाहिजे होती.

अडचण एकच होती. टाकी कुठल्या पोलादाची आहे हे कुणाला माहीत नव्हतं. नकाशे, खरेदीची कागदपत्रं, सगळं चार वर्षांपूर्वीच्या पुरात भिजून लगदा झालेलं. रंग खरवडला की पोलाद सगळं सारखंच दिसतं. पण एखाद्यात कार्बन जास्त असतो. तसल्या प्लेटला थंड असताना वेल्डिंग केलं तर वेल्डिंगच्या टाक्याशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. वरून काही दिसत नाही. दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं, आत केसाएवढी चीर पडते. आधी प्लेट नीट तापवून घेतली तर असं होत नाही. म्हणून नियम असा की ज्या ज्या प्लेटला हात लावायचा तिचा तिचा नमुना घ्यायचा, आणि नमुना मिळाला नाही तर ती वाईटातली वाईट आहे असं धरून चालायचं. हा नियम मला पाठ होता. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या दोन मुलांना तो मीच शिकवला होता.

तीन प्लेटांचे नमुने झाले. उरलेल्या सहा प्लेटा पंपाच्या पाइपांच्या जाळ्यामागं होत्या. तिथं कटर घेऊन शिरायचं तर पाइप सोडवायला लागणार, म्हणजे उद्याचा दिवस. नाहीतर नुसता ग्राइंडर लावून उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या असत्या तरी कुठली प्लेट वेगळी आहे एवढं मला कळलं असतं. पण भारनियमन चालू होतं. वीज साडेसहाला येणार होती. तेव्हा चार वाजायला आले होते.

सर्जेराव माझ्याकडे बघत होता. अडतिसाव्या वर्षी त्याला स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली टाके मारले, असं त्यानं सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. त्याला हेही माहीत होतं की टाकीत भलतंसलतं पोलाद निघालं तर हे काम त्याच्याकडे राहणार नाही. पुण्याची मोठी कंपनी येईल, त्यांची यंत्रं येतील. तो म्हणाला, "आमच्या आबांना इचारा की. ही टाकी उभी करायला तेच हुते. पल्याडच घर हाय."

मला हायसं वाटलं. हे मी नंतर स्वतःपासून पुष्कळ लपवायचा प्रयत्न केला, पण वाटलं होतं हे खरं आहे.

घर कामगार वसाहतीत, टाकीपासून पाच मिनिटांवर होतं. सर्जेरावचे वडील केरबा मिस्त्री ओसरीवर बाकावर बसून स्टोव्हचा बर्नर सुईनं साफ करत होते. सत्तरीला आलेला माणूस, पण बोटं चिमट्यासारखी. सर्जेरावची बायको शालन चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, बाळ केवढं आहे? मी चकित झाले. ती आत गेली आणि एक धुवट टॉवेल आणून माझ्या खांद्यावर टाकला. माझा कुडता समोरून ओला झाला होता.

केरबांनी त्या टाकीची सगळी हकिगत सांगितली. तेव्हा ते विशीत होते, शंकर उस्तादांच्या हाताखाली. क्रेन नव्हती. लाकडी ओंडके आणि साखळ्या लावून प्लेटा उभ्या केल्या. अजूनही खंडेनवमीला ते टाकीला झेंडूची माळ घालायला जायचे. कारखान्यातल्या साहेबांनी ते बंद करायला सांगितलं नव्हतं, उलट शिडी धरायला माणूस द्यायचे. सांगताना त्यांचा आवाज भरीव झाला होता. सर्जेराव दारात उभा राहून तांब्यानं पाणी पीत होता.

तिसरा फोन आला. एकशे दोन.

मी वही उघडली आणि विचारलं, "आबा, खालच्या कड्याच्या नऊ प्लेटा एकाच ठिकाणाहून आल्या होत्या का?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. बर्नरच्या भोकात अर्धी गेलेली, तशीच. त्यांनी माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलं. सर्जेराव डोकं मागं टाकून पाणी पीत होता, त्याचं लक्ष नव्हतं. केरबांचा अंगठा गुडघ्यावर दोनदा घासला गेला. मग ते म्हणाले, "व्हय. नऊच्या नऊ एकाच गाडीतनं उतरल्या."

तान्हं मूल घरात असलं की बाई तोंडं वाचायला शिकते. रेवाची भुवई हलली की रडं कुठलं येणार, भुकेचं की पोटाचं, हे मला आधी कळायचं. त्या सात महिन्यांत मी काही शिकले असेन तर एवढंच. केरबांच्या तोंडाकडे मी बघत होते. ते परत माझ्याकडे वळले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली एवढं आठवतं.

मी वहीत लिहिलं: टाकी उभारणीतले कामगार श्री. केरबा लोहार यांच्या सांगण्यानुसार सर्व प्लेटा एकाच लॉटच्या. वेळ लिहिली, चार वाजून चाळीस मिनिटं. मग उठले. शालननं टॉवेल परत घेतला नाही. असू दे, घरापर्यंत लागंल, म्हणाली.

रेवाचा ताप दात येण्याचा होता. सकाळी उठली तेव्हा अंग गार होतं आणि ती हसत होती. दोन दिवसांनी तिन्ही नमुन्यांचे आकडे आले. साधं, मऊ, वेल्डिंगला उत्तम पोलाद. मी अहवाल लिहिला. नऊही प्लेटा एकाच प्रतीच्या, आधी तापवण्याची गरज नाही. गद्रे सर आमचे प्रमुख. त्यांनी विचारलं, सहा प्लेटांचे नमुने कुठे आहेत? ज्यानं टाकी बांधली त्याचा जबाब घेतलाय, असं मी सांगितलं आणि वहीचं पान दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात मी तीनदा लवकर घरी गेले होते. सर भले माणूस होते. त्यांनी सही केली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सांगितलेलं ऐकलं आणि नंतर जागा बघितली.

दुरुस्ती झाल्यावर टाकीत मळी भरायच्या आधी पाणी भरून बघतात. पाणी दोन दिवस हळूहळू चढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. सर्जेराव खडू घेऊन खालच्या कड्याभोवती फिरत होता. टाक्याजवळ कुठे ओल दिसली की तिथं खूण करायची. सातव्या प्लेटशी तो वाकला. कामावरच्या माणसांनी सांगितलं की मोठा सुतळी बाँब फुटावा तसा आवाज झाला, आणि प्लेट खालून वर कापड फाटावं तशी फाटली. पाण्यानं त्याला उचलून पंपाच्या चौथऱ्यावर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो होता असं कुणी म्हणे, नव्हता असं कुणी म्हणे.

फाटलेल्या कडेचा तुकडा आणायला मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवावं असं गद्रे सर म्हणत होते, मी ऐकलं नाही. तुकडा हातात घेतला तेव्हाच कळलं. तुटलेला भाग मऊ पोलादासारखा मळकट, तंतूतंतूचा नव्हता. साखरेच्या खड्यासारखा चमकत होता. यंत्रावर कार्बनचा आकडा आला तो माझ्या तीन नमुन्यांच्या दुपटीहून जास्त. मग नऊच्या नऊ प्लेटा तपासल्या. सहा चांगल्या. पाइपांच्या जाळ्यामागच्या सलग तीन वेगळ्या.

कारखान्याच्या कचेरीत चौकशी झाली. लांब टेबल, टोकाला कार्यकारी संचालक, सरकारी निरीक्षक, एका बाजूला गद्रे सर आणि मी. केरबांना खुर्ची दिली होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते विचारल्याएवढंच बोलत होते. त्या काळी पोलाद परमिटवर मिळायचं. सहाच प्लेटा मिळाल्या आणि हंगाम तोंडावर आला. उस्ताद मिरजेला गेले आणि भंगारातून तीन आणल्या, लढाईतल्या मोडक्या सामानातल्या. कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं. वर रंग दिला. पुढं टाकी उभी राहिली ती राहिलीच, मग बोलायचं कारण पडलं नाही.

निरीक्षकांनी माझी वही पुढे केली. हे तुम्ही सांगितलं होतं?

"मीच सांगितलं," केरबा म्हणाले. "बाईंनी इचारलं, मी खोटं सांगितलं. त्यांचा काय दोष न्हाई."

भिंतीला टेकून शालन उभी होती. बाजूला नववीतला मुलगा. तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि मग ती पूर्णवेळ खाली बघत राहिली.

मला एकच विचारलं गेलं. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास वाटावा असं काही कारण होतं का? मी म्हणाले, "नाही."

नमुने कमी घेतल्याबद्दल प्रयोगशाळेला लेखी समज मिळाली, मला तीही नाही. गाडीत गद्रे सर म्हणाले, यापुढे एकेक प्लेट. मी म्हटलं, हो सर. त्यानंतर मी कुठल्याही टाकीची एकही प्लेट सोडलेली नाही. लोक मला चिकट म्हणतात, वेळकाढू म्हणतात. रेवा दिसायला गोरी, अभ्यासात बरी, हट्टी निघाली. तिला ताप आला की मी जरुरीपेक्षा जास्त घाबरते आणि ती चिडते.

नऊ वर्षांनी निरोप आला. कारखान्यातला एक वेल्डर नमुने द्यायला आमच्याकडे आला होता. जाता जाता म्हणाला, केरबा मिस्त्री फार थकलेत, त्या कागदवाल्या मॅडम असतील तर एकदा येऊन जा म्हणत होते. मी पंधरा दिवस काढले. मग एका रविवारी गेले.

स्टँडवर घ्यायला आलेल्या त्या वेल्डरनंच वाटेत सांगितलं की शालन त्या चौकशीपासून सासऱ्याशी बोलत नाही. करते सगळं. आंघोळीला पाणी काढते, ताट वाढते, रात्री पाय चेपते. पण तोंडातून शब्द नाही. नऊ वर्षं. गावानं सांगून बघितलं, तिच्या भावानं सांगून बघितलं.

घर तेच होतं. केरबा ओसरीवरच्या त्याच बाकावर, पण आता उशी घेऊन आडवे. अंगातलं मांस गेलं होतं, बोटं तेवढी मोठी उरली होती. शालननं मला ओळखलं. या, म्हणाली, सतरंजी टाकली आणि आत गेली. स्टोव्हचा आवाज यायला लागला.

थोडा वेळ ते माझ्या मुलीबद्दल विचारत राहिले. मग म्हणाले, एक गोष्ट विचारायची आहे, खरी सांगायची असेल तरच सांगा, नाहीतर गप राहिलात तरी चालेल.

"त्या दिशी तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत हुता. तुमाला कळलं हुतं का, मी खोटं बोलतोय?"

गप राहायची मुभा त्यांनीच दिली होती. मी वहीतल्या त्या ओळीच्या आडून नऊ वर्षं गप राहिलेच होते.

"कळलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते चिडतील, निदान उठून बसायचा प्रयत्न करतील. तसं काही झालं नाही. बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मी वाट बघत हुतो. म्हटलं, शिकल्याली बाई हाय, आता परत इचारणार. परत इचारलं असतं तर सांगून टाकलं असतं. एकदा खोटं बोलायला निघालो हुतो मी, दोनदा जमलं नसतं." मग थांबून, "का इचारलं न्हाई?"

"मुलगी तापली होती. मला घरी जायचं होतं."

ते मान हलवत राहिले. "मीबी पोरासाठीच बोललो. काम जाईल त्याचं, म्हणून."

मग त्यांनी जे सांगितलं ते चौकशीत कुणी विचारलंच नव्हतं. सातव्या प्लेटला ग्राइंडर लावला तेव्हा ठिणगी वेगळीच, झाडासारखी फुटत होती, असं सर्जेराव जेवताना म्हणाला होता. केरबा त्याला म्हणाले, आमच्या उस्तादांनी त्या जागेला कोळशाच्या शेगड्या लावून मगच टाके मारले होते, तूही लाव. उस्तादांनी तसं का केलं ते त्यांना तरुणपणी उमगलं नव्हतं, आणि प्लेटा वेगळ्या आहेत हे त्या दिवशी मुलाला सांगायची हिंमत झाली नाही. दमट हवा आहे, लाव, एवढंच म्हणाले. सर्जेराव हसला. "म्हणाला, आबा, मॅडमच्या कागदावर लिवलंय, तापवायची गरज न्हाई. त्यांच्या वर शहाणा हाय का मी?"

तेव्हा लक्षात आलं की स्टोव्हचा आवाज केव्हाच थांबलाय.

शालन उंबऱ्याच्या आत उभी होती. एका हातात एक कप, दुसऱ्यात दुसरा. किती वेळची उभी होती कोण जाणे, चहावर साय धरली होती. तिचं तोंड मी वाचायला गेले आणि मला काहीही कळलं नाही. ती बाहेर आली. बाकापाशी खाली बसली. सासऱ्याच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना उठवून बसवलं, उशी पाठीशी सारली आणि कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"मामा," ती म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."

केरबांच्या हातांत कप कलंडायला लागला. तिनं तो धरून ठेवला. ते तिच्याकडे बघत होते. मी तिथं आहे हे ते विसरले होते.

दुसरा कप तिच्याशेजारी जमिनीवर होता. तो तिनं माझ्याकडे सरकवला नाही. मी थोडा वेळ बसले, मग उठले, येते म्हणाले. पायरी उतरून मी चपला घातल्या, पट्टा अडकेना म्हणून वाकले, आणि आतून परत एकदा तिचाच आवाज आला. सावकाश घ्या, मामा, सावकाश, असं ती त्यांना म्हणत होती.